संकरांत राहिलेला वंश

संकरित बियाणें म्हटलें कीं शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें भरलेलें पीक उभें राहतें; पण वन्य प्राण्यांच्या बाबतींत तोच शब्द उच्चारला कीं जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते. दोन जवळच्या जातींचें रक्त एकत्र मिसळलें म्हणजे दोहोंचाही खरेपणा गेला व मूळ वाण नासला, अशी समजूत फार दिवस रूढ होती. आणि ती सर्वस्वी खोटी होती असेंही नाहीं. तथापि पॅसिफिक महासागरांतील कांहीं बेटांवरच्या कासवांचा गेल्या चारशें-पांचशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर या समजुतीला मोठी मुरड घालावी लागते. तेथें जो वंश पृथ्वीवरून नाहींसा झाला म्हणून पुस्तकांतून नोंदला गेला होता, त्याचा माग दीडशें वर्षांनंतर लागला. आणि तो शुद्ध स्वरूपांत नव्हे, तर संकरांत लागला.

दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशाच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारें १,००० किलोमीटरांवर, थेट विषुववृत्तावर, गालापागोस नांवाचा द्वीपसमूह आहे. हीं बेटें ज्वालामुखींनीं समुद्राच्या तळांतून वर लोटलेलीं असून मुख्य भूमीशीं तीं कधींच जोडलेलीं नव्हतीं. १५३५ सालीं पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा पेरू देशाकडे जात असतां वारा पडला, आणि त्याचें जहाज प्रवाहाबरोबर वाहत या बेटांना लागलें. तेथील प्रचंड कासवें पाहून तो थक्क झाला. बेटांना नांवही पडलें तें या कासवांवरूनच. 'गालापागो' या जुन्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळीं कासव असा आहे.

वीस-तीस लाख वर्षांपूर्वीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून कांहीं कासवें वाहत येऊन या बेटांना लागलीं असावींत, असें शास्त्रज्ञ मानतात. हें कासव जमिनीवरचें, पोहणारें नव्हे. पण तें पाण्यावर बुचासारखें तरंगतें, मान वर धरतें, आणि अन्नपाण्यावांचून महिनेच्या महिने जिवंत राहतें. या गुणांनींच त्याला बेटांवर आणलें. पुढें याच गुणांनीं त्याचा घात केला. आणि शेवटीं त्याचा उरलासुरला वंश राखला तोही याच गुणांनीं.

बेटाबेटांच्या दरम्यान खोल समुद्र असल्यामुळें एका बेटावरील कासवांचा दुसऱ्या बेटावरील कासवांशीं संबंध राहिला नाहीं, आणि ठिकठिकाणीं निरनिराळ्या जाती घडत गेल्या. अशा सुमारें पंधरा जाती मोजण्यांत येतात. जीं बेटें उंच, ढगांनीं वेढलेलीं व हिरवीगार आहेत, तेथील कासवांना चारा जमिनीलगत मिळतो. त्यांचें कवच घुमटासारखें गोल असतें. जीं बेटें सखल व रुक्ष आहेत, तेथें निवडुंगाच्या फडांपर्यंत तोंड पोहोंचवावें लागतें. म्हणून तेथील कासवांच्या कवचाची पुढची कड खोगिराप्रमाणें वर उचललेली, मान लांब व पाय उंच असतात. फ्लोरियाना, पिंटा आणि एस्पान्योला या तीन बेटांवरील कासवें या खोगिरी घाटाचीं होतीं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांचे लोक या बेटांचा आसरा घेऊं लागले. १७९० नंतर त्यांच्यामागून देवमाशांची शिकार करणारीं जहाजें आलीं. दोन-दोन तीन-तीन वर्षें समुद्रावर काढणाऱ्या खलाशांना ताजें मांस मिळणें दुर्घट होतें. येथें तर असा प्राणी होता कीं, त्याला उचलून जहाजाच्या पोटांत रचून ठेवावें, चारा घालूं नये, पाणी दाखवूं नये, आणि सहा महिन्यांनींही कापल्यास ताजें मांस व उत्तम तेल मिळावें. टाउनसेंड नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९२५ सालीं अशा ७९ जहाजांच्या रोजनिशा तपासल्या, तेव्हां १८३१ ते १८६८ या अवधींत एवढ्याच जहाजांनीं १३,००० हून अधिक कासवें नेल्याचें दिसून आलें. त्या काळीं या धंद्यांत शेंकडों जहाजें होतीं हें ध्यानांत घेतलें, म्हणजे एकंदर संहार केवढा झाला असेल याची कल्पना येते. शिवाय अंडीं घालण्यासाठीं माद्या डोंगरावरून खालच्या सपाटीवर येत, त्यामुळें खलाशांच्या हातीं त्याच अधिक लागत. वंश वाढविणारी बाजूच अशी कापली जात होती.

फ्लोरियाना बेटाच्या वांट्यास तर याहून अधिक दुर्दैव आलें. १८२० च्या ऑक्टोबरांत 'एसेक्स' नांवाचें देवमासे मारणारें जहाज तेथें आलें असतां एका खलाशानें निव्वळ थट्टेखातर रानाला आग लावली. दिवस कोरडे होते; आग हां हां म्हणतां पसरली, आणि जहाज निघून गेल्यावरही क्षितिजावर तिचा उजेड दिसत होता. याच जहाजाला पुढें महिन्याभरांतच एका देवमाशानें धडक देऊन बुडविलें ही गोष्ट जगप्रसिद्ध आहे. परंतु बेटावर जळून गेलेल्या मुक्या जीवांची आठवण फारशी कोणी ठेवली नाहीं. १८३२ सालीं एक्वादोरनें हीं बेटें आपल्या राज्यास जोडलीं व फ्लोरियानावर वसाहत केली. वसाहतीबरोबर डुकरें व बकऱ्या आल्या. बकऱ्यांनीं चारा संपविला, आणि डुकरांनीं अंडीं उकरून खाल्लीं.

१८३५ च्या सप्टेंबरांत 'बीगल' जहाजावरून चार्ल्स डार्विन या बेटावर उतरला. तो त्या वेळीं अवघा २६ वर्षांचा होता. वसाहतीचा कारभार पाहणारे लॉसन यांनीं त्याला सांगितलें कीं, कासव दाखवा, म्हणजे तें कोणत्या बेटावरचें हें आपण निश्चयानें सांगूं. डार्विननें या बोलण्याकडे प्रथम पुरेसें लक्ष दिलें नाहीं, हें त्यानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. तेथील लोक दोन दिवस शिकार करीत व त्यावर आठवड्याचे उरलेले दिवस काढीत, असें त्यानें नमूद केलें. पण कासवें पूर्वींपेक्षां फार कमी झालीं होतीं, हेंही त्याच्या कानांवर आलें. जातींच्या उत्पत्तीविषयींच्या ज्या विचारानें पुढें साऱ्या जगाला हलविलें, त्याचें एक बीज या कासवांच्या कवचांत होतें; आणि तें बीज दिसूं लागण्याच्या सुमारासच फ्लोरियानाचें कासव संपत आलें होतें. १८५० च्या आसपास तें नामशेष झालें. मागें राहिलीं तीं गुहांतून पडलेलीं हाडें, व कांहीं संग्रहालयांतून ठेवलेलीं कवचें.

असो. या कथेचा दुसरा धागा दीडशें-दोनशें किलोमीटर दूरच्या एका उपसागरांत आहे. इझाबेला हें या द्वीपसमूहांतील सर्वांत मोठें बेट. त्याच्या उत्तर टोकाला वुल्फ नांवाचा सुमारें १,७०० मीटर उंचीचा ज्वालामुखी असून त्याच्या पायथ्याशीं बँक्स उपसागर आहे. देवमाशांची शिकार करणारीं जहाजें इकडे नेहमीं येत. कासवांनीं भरलेल्या जहाजाला ओझें हलकें करण्याची वेळ आली, म्हणजे खलाशी सरळ कांहीं कासवें समुद्रांत लोटून देत. १८१३ सालीं इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध चालू असतां, योगायोगानें 'एसेक्स' हेंच नांव असलेली एक अमेरिकन लढाऊ नौका या समुद्रांत आली. तिच्या भीतीनें इंग्रजी जहाजांनीं झुंजीसाठीं जागा मोकळी करण्याकरितां आपल्याजवळचीं कासवें पाण्यांत फेंकलीं. कांहीं दिवसांनंतरही तीं लाटांवर तशींच तरंगत होतीं, असें त्या नौकेचा कप्तान पोर्टर यानें लिहून ठेवलें आहे. अशा टाकलेल्या कासवांपैकीं कांहीं जमिनीला लागलीं, वुल्फचा चढ चढून गेलीं, व तेथील मूळच्या कासवांत मिसळलीं, असें आज मानण्यांत येतें. ज्या हातांनीं वंश बुडविला, त्याच हातांनीं त्याची मूठभर ठेव नकळत परक्या घरीं ठेवली.

ही ठेव ओळखण्यास मात्र फार काळ लागला. वुल्फवर घुमटी घाटाचीं व खोगिरी घाटाचीं अशीं दोन्ही प्रकारचीं कासवें आढळतात, हें कोडें शास्त्रज्ञांना बरेच दिवस पडलेलें होतें. परंतु रक्ताचें नातें केवळ कवच पाहून सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं निराळें साधन हवें होतें.

दरम्यान पिंटा बेटावर दुसरें एक दुःखद प्रकरण घडत होतें. तेथील कासवेंही संपलीं असेंच सर्वांस वाटत असतां, १९७१ सालीं गोगलगाईंचा अभ्यास करावयास गेलेल्या योझेफ वाग्वोल्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला तेथें एक नर दिसला. पुढच्या वर्षीं त्याला सांताक्रूझ बेटावरील संशोधन केंद्रांत आणण्यांत आलें. त्याची जोडीदारीण कोठेंच सांपडेना. म्हणून जगानें त्याला 'एकटा जॉर्ज' असें नांव दिलें. अखेरीस वुल्फवरून आणलेल्या दोन माद्या त्याच्याजवळ ठेवल्या. त्यांनीं २००८ व २००९ सालीं अंडीं घातलीं, पण एकांतूनही पिलूं निघालें नाहीं. २४ जून २०१२ रोजीं जॉर्ज मरण पावला, आणि पिंटाच्या कासवांतील शेवटचा शुद्ध जीव गेला.

विसाव्या शतकाच्या शेवटास जें नवें साधन हातीं आलें, तें म्हणजे 'डी. एन. ए.' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा. प्रत्येक जीवाच्या पेशींत हें द्रव्य असतें व त्यांत त्याच्या आईबापांचा आणि पूर्वजांचा लेखच कोरलेला असतो. सुदैवाची गोष्ट अशी कीं, तो लेख वाळलेल्या हाडांतूनही वाचतां येतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठांतील संशोधकांनीं संग्रहालयांतील जुनीं फ्लोरियानी हाडें घेऊन त्यांतील लेख वाचला, व तो वुल्फवरील जिवंत कासवांच्या रक्ताशीं ताडून पाहिला. दोहोंत मेळ बसूं लागला. २००७ सालीं, जॉर्ज जिवंत असतांनाच, निम्मा पिंटाचा वंश असलेलें एक कासव वुल्फवर असल्याचें प्रसिद्ध झालें. तेव्हां २००८ च्या डिसेंबरांत एक मोठी मोहीम ज्वालामुखीवर गेली आणि तिनें १,६०० हून अधिक कासवांच्या रक्ताचे नमुने घेतले.

त्या नमुन्यांचा निकाल २०१२ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ८४ कासवांच्या आईबापांपैकीं एक शुद्ध फ्लोरियानी असलें पाहिजे, असें आढळलें. याहून आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या ८४ पैकीं ३० कासवें पंधरा वर्षांच्या आंतलीं होतीं. कासव शंभर वर्षांहूनही अधिक जगतें. तेव्हां ज्यांच्या पोटीं हीं पिलें झालीं, तीं शुद्ध फ्लोरियानी कासवें त्या ज्वालामुखीच्या कपारींत अजूनही हिंडत असण्याचा संभव होता. ज्या वंशाचा मृत्युलेख दीडशें वर्षांपूर्वीं लिहून झाला होता, त्याचे नातूपणतू नव्हेत, तर प्रत्यक्ष मुलें सांपडलीं होतीं!

पुढें २०१५ च्या नोव्हेंबरांत दुसरी मोहीम गेली. निवडलेलीं ३२ कासवें जाळ्यांत घालून हेलिकॉप्टरनें जहाजावर उतरविण्यांत आलीं व सांताक्रूझला नेण्यांत आलीं. त्यांतील ज्यांच्यांत फ्लोरियानाचा अंश पुरेसा होता, त्यांच्या जोड्या जमवून २०१७ सालीं वंशवर्धनाचें काम सुरू झालें. या कामाची रीत जाणून घेण्यासारखी आहे. संकरांतील एका कासवांत मूळ वंशाचा एक भाग असतो, तर दुसऱ्यांत निराळा. फाटलेल्या पोथीचीं पानें चार घरीं विखुरलेलीं असावींत व तीं जुळवून ग्रंथ पुन्हां उभा करावा, तसा हा उद्योग आहे. कोणत्या जोडीचीं पिलें मूळ वंशाला अधिक जवळ जातील हें आनुवंशिक लेखावरून ठरवितात. अंडीं उबवणींत ठेवतात. या कासवांत नर कीं मादी हें उबेवरच अवलंबून असतें. सुमारें २८ अंशांवर नर निपजतात, तर दीड अंश अधिक ऊब दिली असतां माद्या. अशीं पिलें फ्लोरियानावर नेऊन सोडावींत, हा या योजनेचा हेतु ठरला. तोपर्यंत शोधही थांबला नव्हता. २०२० च्या जानेवारींत आणखी ३० कासवें हातीं लागलीं. त्यांत २९ फ्लोरियानी वंशाचीं व एक तरुण मादी पिंटाच्या वंशाची होती.

या उद्योगावर आक्षेप निघणें साहजिक होतें. हीं पिलें खरीं फ्लोरियानी नव्हेत. त्यांत वुल्फचें रक्त राहणारच. मग मूळ जाति परत आली असें म्हणावें कसें? आक्षेप खोटा नाहीं. ग्रंथाचीं सगळीं पानें सांपडणार नाहींत. पण जमिनीच्या बाजूनेंही विचार करावयास हवा. कासव हें त्या बेटांचें माळीच आहे. तें फळें खातें व बीं दूरदूर नेऊन टाकतें, झुडुपें तुडवून वाटा मोकळ्या करतें, आणि त्याच्यामुळें निवडुंगाला नवें अंकुर फुटण्यास जागा मिळते. कासव गेल्यावर रान दाटतें व बिघडतें. पिंटा बेटावर १९५९ सालीं सोडलेल्या तीन बकऱ्यांच्या हजारों बकऱ्या झाल्या होत्या. त्या नाहींशा केल्यावर २०१० सालीं तेथें ३९ मिश्र वंशाचीं कासवें सोडण्यांत आलीं, तीं मात्र निर्बीज करून. संकराची संतति वाढूं नये ही सावधगिरी तेव्हां घेतली गेली, आणि त्या प्रसंगीं ती समंजसपणाचीच होती. परंतु हाच नियम डोळे मिटून वुल्फवर लावला असता, व तेथील मिश्र कासवें अशुद्ध म्हणून निर्बीज केलीं असतीं, तर फ्लोरियानाचा वंश दुसऱ्यांदा, आणि या वेळीं शास्त्राच्या हातून, बुडाला असता.

मग संकर हा सर्वत्र हितकारकच म्हणावा काय? मुळींच नाहीं. याच्या उलट उदाहरण पाहण्यासाठीं अमेरिका खंडाच्या दुसऱ्या बाजूस, कॅरिबियन समुद्रांतील लहान अँटिलीस बेटांकडे वळावें लागतें. तेथें इग्वाना नांवाच्या मोठ्या सरड्याची एक जाति आहे. ती अँग्विलापासून मार्टिनिकपर्यंतच्या कांहीं बेटांशिवाय जगांत अन्यत्र नाहीं. मध्य व दक्षिण अमेरिकेंतील हिरवा इग्वाना हा तिचा जवळचा नातलग. त्याला माणसांनीं ग्वादलूपसारख्या बेटांवर आणलें. तो अंगानें दांडगा, अंडीं अधिक घालणारा, व स्थानिक जातीशीं सहज जुळणारा. आणि त्या जोडीचीं पिलेंही वंश वाढविण्यास समर्थ असतात. परिणाम असा झाला कीं, ग्वादलूपच्या मुख्य बेटांवरून मूळ जाति पिढ्यानपिढ्या विरत जाऊन नाहींशी झाली. तिला कोणी मारलें नाहीं. पाण्यांत मीठ विरघळावें तशी ती नातलगांत विरघळली.

१९९५ सालीं तर निसर्गानेंही या कामास हातभार लावला. त्या वर्षीं मोठीं वादळें झालीं, आणि पडलेल्या झाडांच्या तराफ्यावर बसून हिरवे इग्वाना अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला येऊन लागले. दोन दशकांच्या आंत तेथील मूळ जाति इतकी विरळ झाली कीं, उरलेले शुद्ध इग्वाना शोधून जवळच्या एका निर्जन बेटावर हलविणें भाग पडलें. डोमिनिका हें या जातीचें सर्वांत मोठें आश्रयस्थान. २०१७ सालच्या 'मारिया' वादळानंतर संकटग्रस्तांसाठीं जो माल आला, त्याबरोबर हिरवा इग्वाना तेथेंही पोहोंचला, असें मानण्यांत येतें. अशा ठिकाणीं परका प्राणी व त्याची मिश्र संतति वेळींच दूर करणें हाच रक्षणाचा मार्ग आहे. तेथें दया दाखविली तर मूळ जाति जाते.

तिसराही एक प्रकार आहे. गालापागोसांतीलच साउथ प्लाझा या चिमुकल्या बेटावर समुद्रांत चरणारा इग्वाना व जमिनीवरचा इग्वाना यांचें मीलन क्वचित् घडतें आणि मिश्र पिलें दिसतात. तेथें माणसाचा हात नाहीं, व त्या पिलांचा वंश पुढें चालत नाहीं असें दिसतें. हा निसर्गाचा स्वतःचा खेळ. त्यांत कोणीं ढवळाढवळ करण्याचें कारण नाहीं.

एकाच 'संकर' या शब्दाखालीं येणाऱ्या या तीन गोष्टींना तीन निरनिराळीं उत्तरें आहेत, हें श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेलच. कोठें मिश्र संतति सांभाळावी लागते, कोठें ती दूर करावी लागते, तर कोठें नुसतें पाहत राहावें लागतें. रक्त मिसळलें आहे कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नावर निर्णय करतां येत नाहीं. कोणी कोणाला आणलें, मूळ वंश शुद्ध रूपांत अजून जिवंत आहे कीं नाहीं, आणि मिसळ थांबली आहे कीं रोज वाढत आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारावे लागतात. मूळ वंश जिवंत असेल, तर संकर त्याला गिळतो. मूळ वंश गेलेला असेल, तर तोच संकर त्याची शेवटची आठवण होऊन राहतो. आणि या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें केवळ प्रयोगशाळेंत मिळत नाहींत. खलाशांच्या रोजनिशा, कप्तानांचे वृत्तांत, धूळ खात पडलेलीं हाडें, यांचीही साक्ष काढावी लागते. प्राणिरक्षणाच्या शास्त्राला इतिहासाची गरज लागते ती येथें.

लॉसननें कवच पाहून बेट ओळखण्याची जी बढाई मारली होती, ती आज रक्ताचा एक थेंब पाहून खरी करतां येते. परंतु ती खरी करून दाखवावयास फ्लोरियानाचें एकही शुद्ध कासव माणसाच्या हातीं उरलें नव्हतें. जें मिळालें, तें शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यानें टाकून दिलें असतें असें. तेव्हां कोणताही जीव टाकाऊ म्हणण्यापूर्वीं त्याच्या अंगांत कोणाची ठेव आहे हें एकदां पाहून घ्यावें, एवढा धडा या मंदगति प्राण्यानें धांवत्या माणसाला दिला आहे.